जंगलातली पायरी



एप्रिल-मे उजाडला की आपल्या घरांत दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. भारतातून आई-बाबांची तिकिटं निघतात आणि इकडे मुलं कॅम्पिंगचा हट्ट धरतात. मग एखाद्या शनिवारी सगळे मिळून डोंगरात जातात. गाडी लागते, पिशव्या उतरतात, आणि आजी म्हणते, "तुम्ही या जाऊन. मी बसते इथंच गाडीत."

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते इतक्या सहजपणे म्हटलं जातं की कोणाला त्यात काही खटकत नाही. गुडघे दुखतात, वाट चढाची आहे, आणि जंगल ते जंगलच, त्याला कोण काय करणार?

आज या "कोण काय करणार" चा इतिहास बघू या. अमेरिकेतल्या सरकारी जंगलांत, गावापासून दूर, ज्याला चालता येत नाही त्यालाही तंबू टाकून रात्र काढता यावी यासाठी कोणी काय केलं, त्याची ही गोष्ट. ती साधारण शंभर वर्षांची आहे. तिच्यात एक राष्ट्राध्यक्ष आहेत, सिनेटरच्या कचेरीत काम करणारा एक माणूस आहे, सरकारी इमारतीत ठिय्या देऊन बसलेले लोक आहेत, आणि शेवटी एक फूटपट्टी आहे. माझ्या मते या सगळ्यांत फूटपट्टी सगळ्यात महत्त्वाची. का, ते ओघाने येईलच.

आधी जागा कुठली ते सांगतो. आपल्यातले बहुतेक जण यलोस्टोन, योसेमिटीला जाऊन आलेले असतात. ती नॅशनल पार्क. नॅशनल फॉरेस्ट हे वेगळं प्रकरण आहे. ही जंगलं कृषी खात्याच्या अखत्यारीत येतात आणि त्यांचा कारभार फॉरेस्ट सर्व्हिस बघते. १९०५ साली ही संस्था स्थापन झाली. गिफर्ड पिंशो हे तिचे पहिले प्रमुख. आज तिच्याकडे सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या अडीच पट. इथे लाकूड निघतं, गुरं चरतात, शिकार चालते, आणि लोक तंबूही टाकतात. पार्कच्या मानाने गर्दी कमी, सोयी कमी, आणि बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नाही. मुक्कामाला खरी शांतता हवी असेल तर जागा हीच.

या जंगलांत लोकांनी मुक्काम करावा ही कल्पना सुरुवातीला सरकारच्या डोक्यात फारशी नव्हती. पण मोटारी आल्या आणि लोक आपणहून येऊ लागले. १९१९ साली फॉरेस्ट सर्व्हिसने आर्थर कारहार्ट नावाच्या एका तरुण लँडस्केप आर्किटेक्टला नोकरीवर घेतलं. त्याचा हुद्दा होता "रिक्रिएशन इंजिनिअर". कोलोरॅडोतल्या सॅन इसाबेल जंगलात, स्क्विरल क्रीकच्या काठी, त्याने मुक्कामाच्या जागा आखल्या. त्याच वर्षी त्याला ट्रॅपर्स लेक नावाच्या तळ्याकडे पाठवलं. काम असं, की तळ्याभोवती रस्ता आणि उन्हाळी बंगल्यांचे प्लॉट आखायचे. कारहार्ट गेला, मोजणी करून आला, आणि म्हणाला की इथे काहीच बांधू नका, हे असंच राहू द्या.

बघा, एकाच माणसाने एकाच वर्षी दोन्ही गोष्टी केल्या. एकीकडे लोकांसाठी सोय आणि दुसरीकडे हात न लावलेलं रान. या दोन कल्पना पुढे कधी हातात हात घालून चालल्या, तर कधी एकमेकींशी भांडल्या. अपंग माणसाचा प्रश्न नेमका त्या भांडणात सापडला.

पण त्याआधी राष्ट्राध्यक्षांची गोष्ट.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली पोलिओ झाला. त्यानंतर आधाराशिवाय त्यांना चालता आलं नाही. १९३३च्या मार्चमध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा मंदीने देश बेजार होता. महिना संपायच्या आत त्यांनी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर उभी करणाऱ्या कायद्यावर सही केली. बेकार तरुणांना जंगलात कामाला लावायचं, महिन्याला ३० डॉलर द्यायचे, त्यातले २५ थेट घरी पाठवायचे. आपल्याकडच्या रोजगार हमीची आठवण होईल अशी ही योजना. तिची पहिली छावणी त्याच एप्रिलमध्ये व्हर्जिनियातल्या जॉर्ज वॉशिंग्टन जंगलात उघडली आणि तिला नाव दिलं कॅम्प रूझवेल्ट. १९४२पर्यंत सुमारे ३० लाख तरुण या योजनेतून गेले. ती सर्वांना सारखी वागवत होती असंही नाही. कृष्णवर्णीय तरुणांना बहुतेक वेळा वेगळ्या छावण्यांत ठेवलं जायचं.

या पोरांनी जंगलात जे उभं केलं ते आजही तुम्हाला दिसेल. दगडी चुली, लाकडी निवारे, पाण्याचे नळ, पायवाटा, आणि डोंगराच्याच दगडांतून घडवलेल्या सुरेख पायऱ्या. फार देखणं काम. त्या ऑगस्टमध्ये रूझवेल्ट मोटारीने शेनंडोआच्या डोंगरातल्या छावण्या बघायला गेले आणि बिग मेडोज इथे पोरांबरोबर जेवायला बसले. तो फोटो प्रसिद्ध आहे. फोटोत ते बसलेले आहेत, आणि बघणाऱ्याला काही वेगळं जाणवत नाही. ज्यांच्या सहीने हजारो पायवाटा आणि पायऱ्या तयार झाल्या, त्यांना त्यातल्या बऱ्याचशा स्वतःच्या पायांनी चढता आल्या नसत्या. याबद्दल तेव्हा कोणी बोललं नाही. त्यांचं अपंगत्व लोकांसमोर शक्यतो येऊ द्यायचं नाही, असा दंडकच होता.

बोलणारा माणूस यायला तीसेक वर्षं जावी लागली. त्याचं नाव ह्यू गॅलघर. त्यालाही पोलिओ झाला होता आणि तो व्हीलचेअर वापरायचा. अलास्काचे सिनेटर बॉब बार्टलेट यांच्या कचेरीत तो कामाला होता. वॉशिंग्टनमधल्या भव्य सरकारी इमारतींच्या पायऱ्या त्याला सतत आडव्या यायच्या. त्याने मागणी मांडली ती अगदी साधी होती: सरकारी पैशाने जे बांधाल ते सगळ्यांना वापरता येईल असं बांधा. बार्टलेट यांनी ती उचलून धरली. १२ ऑगस्ट १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आर्किटेक्चरल बॅरियर्स ॲक्टवर सही केली. म्हणजे वास्तूंमधल्या अडथळ्यांविषयीचा कायदा. पुढे १९८५ साली याच गॅलघरने रूझवेल्ट यांनी आपलं अपंगत्व जगापासून कसं झाकलं यावर पुस्तक लिहिलं. एकाने पायऱ्या बांधवल्या, दुसऱ्याने त्यांना पर्याय मागितला, आणि दोघांचा आजार एकच.

जंगलातलं स्वच्छतागृह, रेंजरची कचेरी, नळाचा ओटा, हे सगळं सरकारी पैशाने बांधलेलं. तेव्हा कायदा त्यांनाही लागू होता. पण नुसत्या कायद्याने काही होत नाही हे आपल्याला भारतीयांना कोणी वेगळं सांगायला नको.

१९७३ साली आणखी एक कायदा आला. त्याचं ५०४ क्रमांकाचं कलम म्हणत होतं की सरकारी मदतीवर चालणाऱ्या कुठल्याही उपक्रमातून अपंग माणसाला वगळता येणार नाही. मात्र त्याचे नियमच निघेनात. चार वर्षं फाइल फिरत राहिली. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये सुमारे दीडशे माणसांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत ठिय्या दिला. कोणी व्हीलचेअरवर, कोणी अंध, कोणी कर्णबधिर. आतले फोन बंद केले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप दिले. ब्लॅक पँथर्सचे लोक जेवण पोचवत होते. जवळजवळ चार आठवडे हे चाललं आणि २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. पुढच्याच वर्षी हे कलम खुद्द केंद्र सरकारच्या खात्यांनाही लागू झालं. त्यांत फॉरेस्ट सर्व्हिसही आली.

या ठिय्याच्या पुढाऱ्यांत एक होत्या ज्युडी ह्यूमन. लहानपणी त्या न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातल्या कॅम्प जेनेडला उन्हाळ्यात जायच्या. अपंग मुलांचं ते शिबिर होतं. तिथे भेटलेली बरीच मुलं पुढे या चळवळीत दिसली. "मला का नाही?" हा प्रश्न विचारायचं बळ या मुलांना एका कॅम्पमध्ये मिळालं. पुढच्या वेळी घरात कोणी "कॅम्पिंग म्हणजे नुसती मजा" असं म्हणालं तर ही गोष्ट सांगा.

आता त्या भांडणाकडे वळू. १९६४च्या वाइल्डरनेस ॲक्टने काही जंगलं पूर्णपणे रान म्हणून राखली. तिथे रस्ता नाही, मोटार नाही, कुठलंही यांत्रिक वाहन नाही. सायकलसुद्धा नाही. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेवर, सुपीरियर नॅशनल फॉरेस्टमध्ये बाउंडरी वॉटर्स नावाचा प्रदेश आहे. दहा लाख एकरांहून मोठा, हजाराहून जास्त तळी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कनू म्हणजे हलकी होडी डोक्यावर घ्यायची आणि मधली पायवाट तुडवायची. मुक्कामाच्या जागी सरकारने ठेवलेल्या दोनच वस्तू: चुलीची लोखंडी जाळी आणि झाडीत मागे एक उघडा संडास.

१९७०च्या दशकात इथे वाद पेटला. मोटारबोटी बंद करायच्या की नाही? मोटारीच्या बाजूचे लोक म्हणाले, मोटार बंद केली तर म्हातारे आणि अपंग इथे येणार कसे? मुद्दा बिनतोड वाटत होता. पण त्या म्हाताऱ्यांना आणि अपंगांना कोणी विचारलं होतं का? १९७७ साली ग्रेग लेस आणि पॉल शुर्की या दोन तरुणांनी ते करून बघायचं ठरवलं. व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि कर्णबधिर साथीदारांना घेऊन ते कनूने बाउंडरी वॉटर्समध्ये उतरले. ज्याला वल्हवता येतं तो वल्हवतो, ज्याला उचलता येतं तो उचलतो, ज्याला स्वयंपाक येतो तो चूल बघतो. सगळे गेले आणि सगळे परत आले. यातूनच वाइल्डरनेस इन्क्वायरी ही संस्था उभी राहिली, आणि अशा सहली तिने पुढे नेमाने काढल्या. १९७८च्या कायद्याने तिथल्या बहुतेक तळ्यांवर मोटारबोटींना बंदी आली.

आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. घाम गाळल्याशिवाय गड बघितला असं आपल्याला वाटतच नाही. रायगडाला रोपवे झाल्यावरही नाकं मुरडणारे होतेच, आणि त्याच रोपवेतून किती आजी-आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा महाराजांच्या समाधीवर डोकं टेकलं. तेव्हा "सोय केली की रानाची मजा गेली" ही ओरड आपल्या ओळखीची आहे. अमेरिकेतही तीच भीती होती की आता जंगलात सिमेंट ओतणार.

१९९०च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्टने यावर तोड काढली. त्यातलं एक छोटं कलम म्हणतं की राखीव रानातही व्हीलचेअर नेता येईल. अट एवढीच की ती चालू न शकणाऱ्या माणसासाठीच बनवलेली असावी आणि घरातही वापरण्याजोगी असावी. जिथे सायकलला बंदी तिथे व्हीलचेअरला मुभा, कारण ती त्या माणसाचे पाय आहे. त्याच कलमात पुढे असंही आहे की यासाठी रानात काही बांधायची किंवा बदलायची सक्ती सरकारवर नाही. याच कायद्यानुसार एक पाहणी झाली आणि १९९२ मध्ये तिचा अहवाल आला. पाहणीत उत्तरं देणाऱ्या अपंग व्यक्तींपैकी साधारण तीन चतुर्थांश म्हणाले की यंत्रांवरच्या बंदीमुळे आमचा रानातला आनंद कमी होत नाही. त्यांनाही रान हवं होतं ते रानासारखंच.

इथे फूटपट्टी येते.

रान तसंच ठेवलं, ठीक. पण जिथे सरकार स्वतःच कॅम्पग्राउंड बांधतं, टेबलं मांडतं, वाट आखते, तिथे काय? १९६८चा कायदा इमारतींसाठी लिहिलेला. इमारतीच्या उतरणीचे नियम डोंगराला लावले तर एक तर डोंगर फोडावा लागेल, नाहीतर हात वर करून "शक्य नाही" म्हणावं लागेल. वर्षानुवर्षं बऱ्याच ठिकाणी दुसरंच झालं. मी आयटीतला माणूस. आमच्याकडे "सिस्टिम सगळ्यांना वापरता आली पाहिजे" एवढंच वाक्य लिहून दिलं तर ते कागदावरच राहतं. किती, कुठे, कसं मोजायचं हे लिहिल्यावर काम सुरू होतं. जंगलाचंही तेच झालं.

१९९७ ते १९९९ या काळात ॲक्सेस बोर्ड या सरकारी मंडळाने अपंगांच्या संघटना, पायवाटा बांधणारे लोक आणि सरकारी खाती यांना एका टेबलाशी बसवलं. पण अंतिम नियम यायला फार वेळ लागत होता. फॉरेस्ट सर्व्हिसने वाट न बघता २००६ साली स्वतःची मापं लागू केली. या कामात जॅनेट झेलर यांचा मोठा वाटा. त्या तिथल्या सुगम्यता कार्यक्रमाच्या प्रमुख होत्या. स्वतःला अपंगत्व असूनही कनू-कयाक चालवण्यात तरबेज. संपूर्ण केंद्र सरकारसाठीचे नियम २०१३च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाले. कायदा १९६८चा आणि माप २०१३चं. मध्ये पंचेचाळीस वर्षं गेली.

काय आहेत ही मापं? वाट किमान ३६ इंच रुंद. जमीन घट्ट आणि न हलणारी, पण सिमेंटच हवं असं नाही. नीट दाबलेली बारीक खडी चालते. २० फुटांत एक फूट इतका चढ कितीही लांब असला तरी चालेल. १२ फुटांत एक फूट असेल तर सलग २०० फुटांपर्यंतच, मग सपाट विसावा हवा. चुलीत जिथे लाकडं रचायची तो तळ जमिनीपासून किमान ९ इंच वर, म्हणजे बसल्या जागेवरून हात पोचतो. तंबूच्या ओट्याभोवती ४८ इंच मोकळी जागा. आणि जिथे जमीनच साथ देत नाही किंवा जागेचं मूळ रूपच पालटेल, तिथे सूट. तीसुद्धा फक्त तेवढ्या तुकड्यापुरती. पुढची वाट जमत असेल तर ती करायचीच.

संडासाचीही गोष्ट सांगतो, कारण आपल्या आयांचा पहिला प्रश्न तोच असतो. फॉरेस्ट सर्व्हिसच्या अभियंत्यांनी टाकीच्या संडासाचा एक नमुना बसवला. वर उंच काळा नळ. उन्हाने नळ तापतो, आतली हवा वर ओढली जाते, वास बाहेर निघून जातो. वीज नाही, पाणी नाही. दाराशी पायरी नाही, आत व्हीलचेअर फिरेल एवढी जागा. सरकारी कागदांत त्याला गंमतीने "स्वीट स्मेलिंग टॉयलेट" म्हणतात. नावावर फार विसंबू नका, पण आजीला पायरी चढावी लागणार नाही एवढं नक्की.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली तरतूद पाटीची आहे. या नियमांनुसार बांधलेल्या नव्या वाटेच्या तोंडाशी पाटी असते. तिच्यावर "सोपी" किंवा "अवघड" असं लिहून भागत नाही. वाटेची लांबी, पृष्ठभाग कसला, रुंदी नेहमीची किती आणि कमीत कमी किती, चढ नेहमीचा किती आणि जास्तीत जास्त किती, आडवा उतार किती, हे सगळं आकड्यांत लिहायचं. माझ्या आईला संधिवात आहे. तिला व्हीलचेअर लागत नाही, पण आडव्या उताराच्या वाटेवर ती चार पावलांत थांबते. चढ तिला चालतो. हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे, पण "मध्यम अवघड" असं लिहिणाऱ्याला कसं माहीत असणार? आकडे समोर असले की ठरवायचं काम तिचं तिला करता येतं. गेल्या उन्हाळ्यात तिने पाटी वाचून एका वाटेला नाही म्हटलं आणि दुसरीला हो. दुसऱ्या वाटेच्या टोकाला तळं होतं. तिथे ती तासभर बसली आणि आम्हाला म्हणाली, "आता तुम्ही जरा गप्प बसा."

तेव्हा मंडळी, या उन्हाळ्याचं बुकिंग करताना थोडं काम करा. रिक्रिएशन डॉट गव्हवर ॲक्सेसिबल जागा निवडून बघायची सोय आहे. घरात कोणाला गरज नसेल तर त्या जागा घेऊ नका, ज्याला हव्या त्याला राहू द्या. मग त्या जंगलाच्या रेंजर कचेरीत फोन करा आणि आकडे विचारा: गाडीपासून तंबू किती फुटांवर? जमीन कसली? संडासाला पायरी आहे का? नळापर्यंत वाट कशी? "बरी आहे" या उत्तरावर फोन ठेवू नका. जुनी, रूझवेल्टच्या काळातली बरीच ठिकाणं अजून पायऱ्यांचीच आहेत, म्हणून विचारणं जरुरीचं.

कायमचं अपंगत्व असलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना ॲक्सेस पास मिळतो, आयुष्यभरासाठी आणि मोफत. १९८०च्या गोल्डन ॲक्सेस पासपोर्टचा हा वारस. प्रवेश फुकट आणि अनेक ठिकाणी तंबूच्या भाड्यात निम्मी सूट. तुमच्या घरात असं मूल किंवा मोठं माणूस असेल आणि पास काढला नसेल, तर जरूर काढा. कित्येक कुटुंबं "कशाला उगाच" म्हणून राहून जातात. ही मेहरबानी नाही. कोणीतरी चार आठवडे फरशीवर झोपून मिळवलेला हक्क आहे तो. पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-बाबांना हा पास मिळत नाही, पण त्याचा संबंध फक्त पैशांशी आहे. सपाट वाट, बिनपायरीचं दार आणि पाटीवरचे आकडे सगळ्यांसाठी आहेत.

आजींना गाडीत बसायचंच असेल तर बसू द्या, तोही त्यांचा हक्क. पण आधी पाटी वाचून दाखवा आणि मग विचारा.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.